डेन्मार्कमधल्या ओडेन्स परिसरातली दोन घरं: दहा महिन्यांनंतरचा अनुभव, मुख्यतः खिडकीबद्दल

डिपॉझिटमधून ४,२०० क्रोनर कापल्याची भाड्याच्या कंपनीची मेल आली, त्याच रात्री हे लिहायला बसले. रुपयांत पन्नास हजारांच्या वर होतात. कारण दिलं होतं: खोलीच्या बाहेरच्या भिंतीवर बुरशी, भाडेकरूने हवा खेळती ठेवली नाही. ज्या घरात पाच महिने मी फक्त खिडकीवरून कुढले, त्या घराने शेवटी पैसेही खिडकीपायीच कापावेत याचा इतका राग आला की पहिला मसुदा मी दुसऱ्या दिवशी पुसून टाकला. आता शांतपणे लिहिते आहे. मध्येच माझं मत बदललेलं दिसेल, ते तसंच ठेवलं आहे.

डॅनिश कुटुंबात राहण्याबद्दल सगळीकडे जे वाचायला मिळतं ते खरं आहे. मेणबत्त्या, हुग्गे (म्हणजे घरगुती, उबदार निवांतपणा), सायकली, संध्याकाळी सहाला जेवण, चपला दाराशी. त्यावर वेळ घालवत नाही. खिडकीबद्दल मात्र मला आधी कुणी सांगितलं नव्हतं.

मी सांगलीची. ओडेन्सच्या विद्यापीठात रोबोटिक्सच्या कामासाठी ऑगस्टमध्ये आले, वसतिगृहात जागा नव्हती, म्हणून एका कंपनीमार्फत स्किबहुस भागात एका कुटुंबात खोली घेतली. नवरा-बायको साठीच्या आसपास, मुलं केव्हाच वेगळी राहायला गेलेली, त्यातल्या मुलाची खोली मला. भाडं ३,८००, वीज आणि हीटिंग धरून. डिपॉझिट दोन महिन्यांचं.

पहिल्या आठवड्यात फ्रीजवरच्या कॅलेंडरवर गुरुवारच्या रकान्यात माझं नाव दिसलं. गुरुवारी स्वयंपाक माझा. आपल्याकडे पाहुण्याला चहाचा कपही विसळू देत नाहीत, त्यामुळे मी आईला फोन करून सांगितलं की इथे भाडं घेऊन वर कामाला लावतात. नंतर कळलं की डॅनिश घरांत शाळकरी पोरांनाही असा स्वयंपाकाचा वार असतो. नाव कॅलेंडरवर चढलं म्हणजे घरात धरलं. जेवण झाल्यावर प्रत्येक जण स्वयंपाक करणाऱ्याकडे बघून ‘ताक फॉर मॅद’ म्हणतो, जेवणासाठी आभार. आमचे आजोबा पानावरून उठताना ‘अन्नदाता सुखी भव’ म्हणायचे. पहिल्या गुरुवारी माझ्या आमटीनंतर ते शब्द कानावर पडले तेव्हा मला आजोबाच आठवले. (हो, आभाराला इथे ‘ताक’ म्हणतात. आणि उन्हाळ्यात खरोखरच ताक गोड करून, त्यात छोटी कुरकुरीत बिस्किटं टाकून खातात, त्याला कोल्डस्कोल म्हणतात. मला फार आवडलं.)

आता खिडकी. सकाळी उठल्याबरोबर त्या घरातल्या सगळ्या खिडक्या सताड उघडल्या जायच्या. समोरासमोरच्या, म्हणजे वारा आरपार जावा म्हणून. दहा मिनिटं. संध्याकाळी पुन्हा, झोपायच्या आधी पुन्हा. दुलया खिडकीवर टाकलेल्या. सप्टेंबरात हे छान वाटलं. नोव्हेंबरात बाहेर दोन अंश असताना तेच चाललेलं पाहून मी माझ्या खोलीचं दार लावून घ्यायला लागले. खिडकी बंद, फटीत टॉवेल, रेडिएटर पाचवर.

एके दिवशी घरातल्या काकांनी दार वाजवलं. (त्यांना नावानेच हाक मारायची असते, सगळे मारतात. मनातल्या मनात मी काका-काकूच म्हणत होते.) म्हणाले, पाचवर ठेवू नकोस, तीनवर ठेव, आणि सगळ्या खोल्यांतले रेडिएटर सारखेच चालू दे. पाच म्हणजे लवकर तापणं नव्हे. तो आकडा फक्त कुठल्या तापमानाला थांबायचं ते सांगतो, तीन म्हणजे साधारण वीस-एकवीस अंश. शहरातलं गरम पाणी एका मोठ्या केंद्रातून जमिनीखालच्या पाइपांनी घराघरांत येतं आणि परत जातं. परत जाताना ते जितकं गार, तितकं बिल हलकं. एकच रेडिएटर पाचवर ठेवला की त्यातून पाणी गरमच परत जातं. मी इंजिनिअर असून हे मला माहीत नव्हतं. पण तेव्हा मी एवढंच ऐकलं की माणूस खिडक्या उघडून उष्णता बाहेर घालवतो आणि मला मात्र रेडिएटर कमी करायला सांगतो. चिक्कूपणा, असा शिक्का मी मारून टाकला.

डिसेंबरात इथे सूर्य साडेआठच्या सुमारास उगवतो आणि पावणेचारच्या आसपास मावळतो. नाताळ त्या काळोखातला सगळ्यात चांगला भाग. २४ तारखेला झाडावर खऱ्या मेणबत्त्या पेटवल्या, शेजारी पाण्याची बादली ठेवली, आणि एकमेकांचे हात धरून झाडाभोवती गाणी म्हणत फिरलो. भाताची थंडगार खीर, वर गरम चेरीचा रस, आणि तिच्यात एक अख्खा बदाम लपवलेला. ज्याला सापडेल त्याने गालात दडवून ठेवायचा. त्या रात्री जेवताना काकांनी विचारलं, तुमच्याकडे डॅनिश लोक कधी आले होते का? महाराष्ट्रात नाही, पण मी सांगितलं की कोलकात्याजवळचं सेरामपूर १८४५ पर्यंत डॅनिश होतं, आणि इंग्रज मिशनरी विल्यम केरींचं मराठी व्याकरण १८०५ साली तिथल्याच छापखान्यात छापलं गेलं. तंजावरच्या सरफोजीराजांना शिकवणारे जर्मन पाद्री श्वार्त्स डॅनिश मिशनमधूनच, तमिळनाडूच्या किनाऱ्यावरच्या त्रांकेबारला आलेले. काका उठले, वडिलांचा जुना नकाशा घेऊन आले, आणि भिंग लावून त्रांकेबार शोधलं. पुढचा दीड तास कुणी टेबलावरून उठलं नाही. मग मेणबत्त्यांचा धूर झाला म्हणून काकूंनी खिडकी उघडली.

जानेवारीतल्या एका गुरुवारी मी पिठलं केलं. बाहेर उणे सहा. लसणाची फोडणी चर्रर झाली, खमंग वास घरभर गेला, आणि काकू काही न बोलता उठल्या, स्वयंपाकघराची खिडकी उघडली, मग दिवाणखान्याचं दार, मग पलीकडची खिडकी. बर्फासारखा वारा पिठल्यावरून गेला. नंतर त्यांनी दोनदा वाढून घेतलं, ‘ताक फॉर मॅद’ही म्हणाल्या. पण मला फक्त ती खिडकी दिसली. माझ्या घरचा वास यांना नकोसा होतो, एवढंच डोक्यात बसलं. रात्रभर रडले. दुसऱ्या दिवशी नोटीस दिली, कारण लिहिलं ‘वैयक्तिक’. त्या आठवड्यात कुणी विचारलं असतं तर या घराला मी पाचपैकी दोन दिले असते.

दुसरं घर केर्टेमिंडेला, समुद्रकाठी, ओडेन्सहून बसने. आई, बाबा, तीन मुलं. सगळ्यात धाकटा नऊ महिन्यांचा. तो दुपारी बाहेर बाबागाडीत झोपायचा, फेब्रुवारीत, तीन अंशांत, गळ्यापर्यंत दुलई आणि उशाशी बेबी अलार्म. आधी मला भीती वाटायची. मग मीच खिडकीतून त्याचे लाल गाल बघत भांडी घासायला लागले.

इथे मला भाषेचाही एक दिलासा मिळाला. मोठी मुलगी मावशीला मोस्टर म्हणते, आत्याला फास्टर, मामाला मोरब्रोर, काकाला फारब्रोर. इंग्रजीत सगळ्यांचा एकच गोळा होतो, यांच्याकडे आपल्यासारखंच आईकडचं-बापाकडचं वेगळं. नाती समजावताना मला पहिल्यांदाच काही भाषांतर करावं लागलं नाही.

या घराच्या भिंतीवर एक आर्द्रतेचा काटा होता. घरातल्या आईने पहिल्याच संध्याकाळी दाखवला: साठच्या वर गेला की खिडकी उघडायची, बास. मी त्या काट्याकडे आठवडाभर बघत राहिले. बटाटे उकडले, काटा चढला, खिडकी उघडली. हेरिंग मासे तळले, खिडकी उघडली. मुलांची अंघोळ झाली, उघडली. पाच-सहा माणसं रात्रभर नुसती श्वास घेऊन झोपली तरी सकाळी काटा वर आणि खिडकी उघडी. मग मी फोडणी घातली. काटा चढला, मोठ्या मुलीने न सांगता खिडकी उघडली आणि म्हणाली, वास छान येतोय.

आम्ही कृष्णाकाठचे. पावसाळ्यात खिडकी उघडली की ओल आत येते, हे हाडात मुरलेलं आहे, त्यामुळे ओल नको असेल तर खिडकी लावायची. इथे हिवाळ्यात नेमकं उलटं. बाहेरची हवा गार, आणि गार हवेत पाणी फारसं मावतच नाही. ती आत येऊन तापली की कोरडी होते आणि घरातली ओल शोषून घेते. भिंती आणि सामान तापलेलंच असतं, म्हणून दहा मिनिटांत खोली पुन्हा उबदार होते. खिडकी बंद ठेवली तर स्वयंपाकाची, अंघोळीची, श्वासाची सगळी वाफ सगळ्यात थंड जागी जाऊन बसते. माझ्या पहिल्या खोलीत ती जागा म्हणजे बाहेरच्या भिंतीला चिकटून असलेल्या कपाटाची पाठ.

घरं एवढी हवाबंद का, ते मुलांच्या मोरमोरने, म्हणजे आईच्या आईने सांगितलं. १९७३ च्या तेलसंकटात देशाची जवळजवळ सगळी ऊर्जा बाहेरून येणाऱ्या तेलावर होती. त्या नोव्हेंबरपासून रविवारी खासगी गाड्या रस्त्यावर आणायला बंदी घातली, आणि ती बहिणीबरोबर मोकळ्या महामार्गावरून सायकलने गेली होती. त्यानंतर देशभर भिंतींत ऊब धरणारी खनिज लोकर भरली, दुहेरी काचा बसवल्या, फटी बुजवल्या. घर ऊब धरून ठेवतं, तशी ओलही धरून ठेवतं. मग ती हातानेच बाहेर सोडावी लागते. काकांना चिक्कू म्हणाले होते, तो शब्द मागे घेते. त्यांना त्या रविवारांची आठवण असणारच.

इथपर्यंत लिहून झालं आणि मधे तीन आठवडे गेले. डिपॉझिटबद्दलच्या माझ्या हरकतीला कंपनीकडून तीनदा तेच उत्तर आलं, शब्दन् शब्द तेच. चौथ्यांदा मात्र पूर्ण ४,२०० परत करत असल्याचं कळवलं. कारण कंपनीने बुरशीच्या अहवालाची प्रत पहिल्या घरालाही पाठवली होती, आणि काकूंनी माझ्या नकळत उलट लिहिलं होतं: कपाटामागे ओल आमच्या मुलाच्या वेळेपासून आहे, कपाट आम्हीच भिंतीला लावून ठेवलं, भाडेकरूकडून एक क्रोनरही घेऊ नये. खरं तर माझ्या बंद खिडकीने त्या बुरशीत भर घातलीच असणार. तरी त्यांनी असं लिहिलं. मी आभाराचं लांबलचक पत्र पाठवलं, त्यात फोडणीच्या रात्रीचंही सगळं सांगितलं. उत्तर एका ओळीचं होतं: ‘तू विचारलं का नाहीस?’

हे वाक्य मला अजून पुरतं पेलत नाही. आपल्याकडे घरातलं माणूस गप्प झालं की बाकीच्यांनी ओळखायचं असतं. इथे गप्प माणसाला गप्प राहू देतात, तो त्याचा हक्क मानतात. काकूंनी माझा ‘वैयक्तिक’ हा शब्द वाचला आणि त्याचा मान राखून काही विचारलं नाही. मी त्या न विचारण्याला थंडपणा समजले. इथे राहायला येणाऱ्या प्रत्येकाला मी हे सांगेन: मनात आलं की टेबलावरच विचारा, साध्या शब्दांत. लगेच आणि खरं उत्तर मिळतं. कंपनीबद्दल मात्र माझं मत तेच आहे. खोलीत जाताच प्रत्येक भिंतीचे फोटो काढा, कपाटामागचेही, आणि त्याच दिवशी मेल करा.

काकूंना मी ४ मेला केर्टेमिंडेला बोलावलं. नाझी ताब्यातून सुटका होणार असल्याची बातमी १९४५ साली त्या संध्याकाळी साडेआठनंतर बीबीसीच्या डॅनिश बातम्यांत आली होती. पाच वर्षं खिडक्यांवर काळे पडदे होते. लोकांनी ते ओढून काढले आणि मेणबत्त्या ठेवल्या. अजूनही बरीच घरं त्या रात्री खिडकीत दिवे लावतात. बाहेर पुरता अंधारही झाला नव्हता. मोरमोर आणि काकूंनी मिळून समुद्राकडच्या खिडकीत सात मेणबत्त्या मांडल्या, मुलांनी पेटवल्या. समोरच्या घरात दिसल्या, मग त्याच्या पलीकडच्या. मी त्या दिवशी पिठलंच केलं होतं, तेही लसणाच्या फोडणीचं. काटा चढला, पण खिडकीत मेणबत्त्या, ती उघडणार कशी? काकू उठल्या, मागचं दार उघडलं, आणि माझ्याकडे वळून म्हणाल्या, वाफेसाठी उघडते आहे, वासासाठी नाही.

स्किबहुसची ती खोली येत्या ऑगस्टपासून रिकामी असेल. भाडं तेच, या वेळी कंपनी मध्ये नाही. काकूंनी मला कुणी मराठी मुलगी असेल तर बघ म्हणून सांगितलं आहे. कपाट भिंतीपासून दहा सेंटिमीटर पुढे ओढलं आहे, भिंत घासून रंगवली आहे, आणि गुरुवार मोकळा आहे.