झोटेरो: सूचीसाठी नाही, नोट्ससाठी वापरा

असाइनमेंट असो, प्रोजेक्ट असो नाहीतर थिसिस, प्लेजरिझमची म्हणजे दुसऱ्याचं लिखाण आपलं म्हणून खपवल्याच्या आरोपाची धास्ती वाटत असेल तर झोटेरो वापराच, म्हणजे लेख-पुस्तकांच्या नोंदी, पीडीएफ आणि नोट्स एकत्र ठेवणारं सॉफ्टवेअर, आणि पहिल्या दिवसापासून वापरा. बरेच जण ते शेवटच्या आठवड्यात संदर्भसूची बनवायला म्हणून टाकतात आणि माझ्या मते तिथेच गाडी चुकते, कारण सूची बनवणं हे त्याचं सगळ्यात किरकोळ काम आहे.

मुद्दाम चोरणारे असतातच, त्यांचं सोडा. पण प्रामाणिक मुलं अडकतात ती नोट्समुळे. वाचता वाचता एखादा परिच्छेद आवडला म्हणून वर्डमध्ये कॉपी-पेस्ट केला, अवतरणचिन्हं टाकली नाहीत, पान नंबर लिहिला नाही, आणि दोन-तीन महिन्यांनी फाईल उघडली की आपलं वाक्य कुठलं आणि लेखकाचं कुठलं हे आपल्यालाच कळेना, मग ते तसंच्या तसं सबमिट होतं. तपासणाऱ्याला तुमचा हेतू दिसत नाही हो, त्याला फक्त मजकूर दिसतो.

झोटेरो नेमकं इथे वाचवतं. 2022 मध्ये आलेल्या सहाव्या व्हर्जनपासून पीडीएफ त्यातच उघडते. ओळ हायलाइट करायची आणि नोटमध्ये टाकायची, ती अवतरणचिन्हांसकट येते आणि पुढे कंसात लेखक, वर्ष, पान नंबर आपोआप येतो, तिथूनच परत मूळ पानावर जाता येतं. म्हणजे कॉपी केलेलं वाक्य अनाथ होतच नाही. मी रंग ठरवून टाकलेत, पिवळा म्हणजे शब्दशः घ्यायचं, हिरवा म्हणजे मुद्दा घ्यायचा पण स्वतःच्या शब्दांत मांडायचा, जांभळा म्हणजे हे पटत नाही. लिहायला बसलं की कुठे काय करायचंय ते रंगावरूनच कळतं.

आता यातली एक खोड सांगते. जर्नलमधला लेख छापील अंकात 213 पासून सुरू होत असेल आणि पीडीएफ मात्र 1 पासून मोजत असेल, तर कधीकधी नोटमध्ये पान 4 असं येतं आणि वाचणारा ते शोधत बसतो. पहिल्या हायलाइटलाच पान नंबर ताडून बघा, चुकला असेल तर तिथेच बदलता येतो. स्कॅन केलेली जुनी पुस्तकं असतील आणि त्यात टेक्स्ट नसेल तर ओळ सिलेक्टच होत नाही, फक्त चौकोन काढून चित्र घेता येतं, त्यामुळे मजकूर हाताने टाइप करावा लागतो.

दुसरं म्हणजे ब्राउझरमधल्या झोटेरोच्या बटणावरून वेबपेजची जी नोंद सेव्ह होते त्यावर डोळे झाकून विश्वास ठेवू नका. वेबसाइटवर माहिती नीट भरलेली नसेल तर लेखकाचं नाव गायब, तारीख गायब, शीर्षक पूर्ण कॅपिटलमध्ये, असले प्रकार होतात आणि ती घाण थेट तुमच्या सूचीत उतरते. सेव्ह केल्या केल्या अर्धा मिनिट देऊन दुरुस्त करायचं, नंतर करू म्हटलं की ते कधीच होत नाही.

जादूच्या कांडीचं बटण मात्र मला फार आवडतं. त्यात डीओआय (लेखाचा ओळख क्रमांक) किंवा आयएसबीएन (पुस्तकाचा क्रमांक) टाकला की पूर्ण नोंद येते. एआय चॅटबॉटने दिलेले संदर्भ तपासायला हे बेस्ट, कारण चॅटबॉट कधी अस्तित्वातच नसलेला पेपर देतो तर कधी खरा डीओआय देतो पण तो भलत्याच पेपरचा निघतो. नोंद आली आणि शीर्षक जुळलं तरी पेपर उघडून वाचाच, न वाचलेल्या पेपरचं सायटेशन म्हणजे संदर्भ टाकणं हाही अप्रामाणिकपणाच. मागे घेतलेल्या म्हणजे रिट्रॅक्ट झालेल्या पेपरवर झोटेरो लाल पट्टी दाखवून सावध करतं, ही सोय 2019 पासून आहे आणि फार कमी लोकांना माहीत आहे.

वर्ड, लिबरऑफिस, गुगल डॉक्स तिन्हींत झोटेरो चालतं. संदर्भ लिहायची पद्धत एपीएची एमएलए करायची तर स्टाइल बदला, झालं.

पण एक गोष्ट झोटेरो करू शकत नाही, ती म्हणजे पॅराफ्रेज, म्हणजे मुद्दा स्वतःच्या शब्दांत मांडणं. मूळ वाक्यातले चार शब्द बदलून, क्रम फिरवून शेवटी सायटेशन लावलं तरी भाषा दुसऱ्याचीच राहते आणि ते चुकीचंच आहे. मी हिरवं हायलाइट वाचते, पीडीएफ बंद करते, मुद्दा लिहिते आणि मगच मूळ उघडून ताडून बघते. सिमिलॅरिटी रिपोर्टचे (तुमचा मजकूर इतरांच्या लिखाणाशी किती जुळतो ते सांगणाऱ्या अहवालाचे) टक्के कमी करायला शब्द बदलत बसणारे बघितले की वाईट वाटतं, कारण तो आकडा फक्त जुळणारा मजकूर मोजतो, त्यात नीट अवतरणात घेतलेलं वाक्यही येऊ शकतं आणि दुसऱ्याची ढापलेली कल्पना मात्र सुटून जाते.

सॉफ्टवेअर फुकट आणि ओपन सोर्स आहे, फाईल सिंकसाठी (म्हणजे ऑनलाइन ठेवायला) 300 एमबी फुकट मिळतात, पीडीएफ भरपूर असतील तर ते लवकर भरतात, मग फाईल सिंक बंद करून फक्त नोंदी आणि नोट्स सिंक करा आणि पीडीएफचा बॅकअप वेगळा ठेवा. माझ्याकडून पाचपैकी साडेचार, अर्धा कापला तो पान नंबरसाठी.