शाळेतलं वेलनेस पॅकेज, वर्षाला २४०० रुपये: ॲपला शून्य, कॅरमला पाच स्टार

ज्यांच्या पोरांच्या शाळेत सध्या हे वेलनेस वेलनेस चालू झालंय त्यांच्यासाठी लिहितोय. शाळेचं नाव लिहीत नाही, कंपनीचं पण नाही, पोरं अजून तिथंच शिकतायत. सांगलीतलीच शाळा आहे एवढं पुरे. गेल्या जूनमध्ये फीच्या पावतीवर एक जादा ओळ आली, स्टुडंट वेलनेस प्रोग्राम, २४०० रुपये. माझी दोन, पोरगी आठवीत, पोरगा सहावीत, म्हणजे ४८०० गेले. मी मार्केट यार्डात हळदीच्या अडतीवर दिवाणजी आहे, पैसा कुठं गेला ते शेवटच्या रुपयापर्यंत बघायची सवयच लागलीय, त्यामुळं वर्षभर बारीक लक्ष ठेवून होतो.

पहिलं ॲप. रोज संध्याकाळी पोरानं एक चेहरा निवडायचा, हसरा, रडका, चिडका वगैरे, आणि लगेच आपल्या मोबाईलवर मेसेज, आपल्या पाल्याचा आजचा मूड आनंदी. पहिला महिना मी खूश, पोरगा सलग २६ दिवस आनंदी! नंतर कळलं की हसरा दाबला की १० कॉइन मिळतात आणि रडका दाबला की २. हा बाबा जेवता जेवता न बघताच दाबायचा. ज्या दिवशी त्याची सायकल क्लासच्या बाहेरून चोरीला गेली आणि हा न जेवता झोपला त्या दिवशी पण आनंदी. पोरगी तर पहिल्याच आठवड्यात म्हणाली, पप्पा जे तुम्हाला दिसणार त्यात मी खरं कशाला सांगू. आता यावर काय बोलणार.

फिटनेस टेस्ट तशी वाईट नाही, खेलो इंडियावाली असते तसलीच, ५० मीटर पळणं, ६०० मीटर, बसून पुढं वाकणं, उंची, वजन. पण निकाल वर्गात मोठ्यानं वाचून दाखवले. पोराचा बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानानं वजनाचा आकडा, लाल रंगात होता, त्या दिवसापासून वर्गात त्याचं नावच बीएमआय पडलं, दोन आठवडे डबा अर्धा परत यायचा आणि विचारलं की भूक नव्हती म्हणायचा. मी जाऊन तक्रार केली तेव्हापासून रिपोर्ट बंद पाकिटात देतात, तेवढं ऐकलं त्यांनी, नाही म्हणत नाही. पण टेस्ट झाल्यावर पुढं काय? आठवीला पीटीचे तास आठवड्याला दोन, त्यातला एक गणिताच्या सरांना जातो. डब्ल्यूएचओ म्हणतं ५ ते १७ वयाच्या पोरांना रोज सरासरी ६० मिनिटं दम लागेल असली हालचाल पाहिजे, आमच्याकडं आठवड्याला ४० आणि त्यातली दहा लाईन सरळ करण्यात. पोतं सारखं काट्यावर चढवलं म्हणून त्याचं वजन बदलत नाही, हे आम्हा यार्डातल्यांना तरी कुणी सांगायला नको.

डाएट चार्टमध्ये ब्रोकोली आणि ओट्स होते, त्याच्या मागच्या बाजूला आता दुधाचा हिशोब आहे.

मोटिवेशनल लेक्चरला पाहुणे पुण्याहून आले, दोन तास पोरं फरशीवर आणि साहेब परदेशातल्या अब्जाधीशांच्या गोष्टी सांगतायत. अहो याच सांगलीत वडिलांच्या पानटपरीवर हातभार लावणाऱ्या संकेत सरगरनं २०२२ ला बर्मिंगहॅमच्या कॉमनवेल्थला वेटलिफ्टिंगमध्ये ५५ किलोत सिल्व्हर आणलं, त्याचं नाव सुद्धा निघालं नाही. असो.

आता ज्याच्यासाठी खरं लिहायला बसलो ते. पॅकेजमध्ये आठवड्यातून एक दिवस काउन्सेलर होती, दर गुरुवारी. लायब्ररीच्या मागं जुने नकाशे ठेवायची खोली आहे ती दिली त्यांना. पहिले दोन गुरुवार कुणीच फिरकलं नाही कारण तिकडं जाताना दिसलं की पोरं लगेच येडी झाली काय गं म्हणून चिडवणार. तिसऱ्या गुरुवारी मॅडमनी स्वतःच्या घरचा कॅरम आणून मध्ये मांडला आणि दार उघडं ठेवलं, ज्याला यायचं त्यानं या. मग काय, मधल्या सुट्टीत रांग. कोण खेळायला आलंय आणि कोण बोलायला हे बाहेरच्याला कळायचंच नाही. ज्याला बोलायचंय तो सुट्टी संपली तरी थांबायचा.

माझी पोरगी पण कॅरमलाच गेली होती. तिचं दुखणं असं, जुलै लागला की पोटात दुखायला लागतं. तीन वर्षं झाली, सोनोग्राफी केली, नॉर्मल, ॲसिडिटीच्या गोळ्या झाल्या, आजीनं दृष्ट काढून झाली, आणि मी एकदा शाळा चुकवायची नाटकं म्हणून ओरडलो पण होतो. २०१९ ला आम्ही दत्तनगरला भाड्यानं होतो, ही तेव्हा दुसरीत. कृष्णेवरच्या आयर्विन पुलापाशी ४५ फुटाला धोक्याची पातळी, त्या साली महापुरात पाणी ५७ च्या वर गेलं, ज्यांनी बघितलंय त्यांना वेगळं सांगायला नको. आम्हाला रात्री बोटीतनं काढलं. पोरगी त्यावर कधी एक शब्द बोलली नव्हती, आम्हाला वाटलं लहान होती, विसरली.

विसरली कसली. मॅडमशी बोलताना निघालं की पावसाळ्यात ही पहाटे उठून माझ्याच मोबाईलवर पाण्याची पातळी बघते, कोयनेतून किती क्युसेक सोडलं ते वाचते आणि मग शाळेला येते. दिवसातनं पंधरा वीस वेळा. आम्ही घर बदलून आता वरच्या भागात आलोय तरी.

मॅडमनी पोरीला विचारून, तिची परवानगी घेऊन मग मला बोलावलं, हे मला फार आवडलं. घाबरू नकोस असं त्या एकदाही म्हणाल्या नाहीत. पोरीला एक वही दिली आणि त्यात प्लॅन लिहायला लावला, पाणी आलंच तर पहिलं काय, आजीच्या गोळ्या कुणी बरोबर घ्यायच्या, कागदपत्रांची पिशवी कुठं, मिरजेच्या आत्याला फोन कुणी करायचा, मांजराचं काय. आणि मला म्हणाल्या, पप्पा, पातळी रोज संध्याकाळी एकदाच बघायची, तुम्ही आणि तिनं मिळून, सकाळी तुमचा मोबाईल तिच्या हाताला लागू देऊ नका. शिवाय श्वास, चार मोजून आत, सहा मोजून बाहेर. पोटदुखी एका दिवसात गेली असलं काही सांगत नाही, पण ऑगस्टमध्ये फक्त दोन दिवस शाळा बुडली, त्याच्या आदल्या वर्षी अकरा.

आता माझी खरी तक्रार. शाळेत ११०० पोरं, मॅडम एक, दिवस एक. पाच तासात प्रत्येकाला वीस मिनिटं धरली तर पंधरा पोरं झाली. सगळ्यांचा एकदा नंबर लागायला ७४ गुरुवार लागतात, आणि शाळेच्या वर्षात गुरुवार असतात चाळीसच्या आसपास, त्यात परीक्षा, गॅदरिंग, सुट्ट्या. सुप्रीम कोर्टानं जुलै २०२५ ला १०० किंवा जास्त विद्यार्थी असतील तिथं निदान एक तरी क्वालिफाईड काउन्सेलर, सायकॉलॉजिस्ट किंवा सोशल वर्कर पाहिजे म्हणून सांगितलंय, मीटिंगमध्ये मी हे विचारलं तर उत्तर आलं, आपल्याकडं आहेत की. हो, आहेत, गुरुवारी. शुक्रवारी रडू आलं तर पोरानं सहा दिवस थांबायचं का? मॅडमनीच पोरांना १४४१६ नंबर फळ्यावर लिहून दिला होता, टेलिमानसचा, मनाच्या त्रासावर बोलायची हेल्पलाईन, सरकारी आहे, फुकट आहे, चोवीस तास आणि मराठीत बोलतात. २४०० च्या पॅकेजच्या माहितीपत्रकात तो कुठंच नव्हता, ॲपच्या कॉइनवर मात्र अख्खं पान होतं.

माझ्याकडून पाचपैकी तीन, त्यातले पावणेतीन मॅडमचे.

पुढच्या वर्षाचा संमतीचा फॉर्म आलाय, रक्कम आता २८००. सोमवारपर्यंत द्यायचाय. हो आणि नाही असे दोनच चौकोन आहेत, मी दोन्ही सोडून खाली पेननं लिहिलंय, ॲप नको, गुरुवार दोन करा, मॅडम त्याच पाहिजेत. पोरगा शेजारी बसून म्हणतोय कॅरमचं पण लिहा, स्ट्रायकर हरवलाय आणि सगळे बांगडीनं खेळतायत.