रूट कॅनालनंतरची कळ: ब्रुफेन, डोलो की लवंग?

"नस काढली ना, मग आता दुखतंय काय?" भूल उतरू लागली की हा प्रश्न हमखास पडतो. नस गेली तरी मुळाभोवतीचा, दाताला हाडाशी धरून ठेवणारा पातळ पडदा जिवंतच असतो आणि साफसफाईत तो डिवचला जातो. म्हणजे हे दुखणं सुजेचं. गोळी निवडताना एवढं लक्षात ठेवलं तरी बरंच सोपं होतं.

ब्रुफेन, म्हणजे आयबुप्रोफेन, सूज आणि कळ दोन्हींवर चालते. ज्याला सोसते त्याने आधी तीच घ्यावी असं माझं मत. ४०० मिलिग्रॅम, पोटात काहीतरी असताना, सहा ते आठ तासांनी. पहिली गोळी भूल पूर्ण उतरायच्या आत घेतलेली बरी. मी कपभर दूध पिऊन घेतली, कारण बधिर तोंडाने चावायला गेलं की गाल चावला जातो आणि कळतही नाही.

पण अल्सर, किडनीचा त्रास, हृदयविकार, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या, वेदनाशामकांनी उठणारा दमा किंवा गर्भारपण असेल, तर ब्रुफेन स्वतःच्या मनाने नको. तिथे पॅरासिटामॉल. डोलो, क्रोसिन पोटाला सौम्य असतात. सूज मात्र फारशी उतरवत नाहीत. सहा डोलो ६५० म्हणजे ३.९ ग्रॅम, आणि धडधाकट माणसाची दिवसाची कमाल मर्यादा ४ ग्रॅम. लिव्हर नाजूक असेल किंवा रोजचं पिणं असेल तर त्याहूनही कमी.

कॉम्बिफ्लाममध्ये दोन्ही असतात: आयबुप्रोफेन ४००, पॅरासिटामॉल ३२५. पहिल्या एक-दोन दिवसांच्या जोरदार ठणक्याला ही जोडी एकेकट्या गोळीपेक्षा सरस. फक्त तिच्यावर आणखी ब्रुफेन घेतली तर तेच औषध दुप्पट पोटात जातं. घरोघरी नेमकं हेच होतं.

लवंगतेल? किडलेल्या, उघड्या दाताला ठीक. इथे दात वरून बंद केलेला, तेल मुळाच्या टोकाशी पोचणार कुठून? हिरडी तेवढी भाजते. त्यापेक्षा रुमालात गुंडाळलेला बर्फ गालावर दहा-पंधरा मिनिटं धरा. आणि ड्रॉवरमधली उरलेली अँटिबायोटिक म्हणजे वेदनाशामक नव्हे.

एका दुखण्याला मात्र यातलं काहीच पुरत नाही. तिसऱ्या दिवशी पोळीचा घास चावला आणि मस्तकात कळ गेली. एरवी दाढ शांत. डॉक्टरांनी निळा कागद दातांत धरायला लावला, तात्पुरत्या फिलिंगवर एक ठळक ठिपका उमटला. फिलिंग केसभर उंच राहिलं होतं. दोन मिनिटं घासलं, संपलं.

साधा ठणका दोन-तीन दिवसांत उतरणीला लागतो, आठवड्यात जातो. वाढतच चालला तर डॉक्टरांना दाखवा. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना किंवा गिळता येईना, तर रात्र असली तरी थेट हॉस्पिटल गाठा.