कर्वेनगरचा घरगुती डबा : चव, नोंदणी आणि रात्रीचा भात

पुण्यात कर्वेनगरमध्ये एका सोसायटीच्या तळमजल्यावरून चालणाऱ्या घरगुती डब्याचा हा अनुभव आहे. सध्याच्या जागेत जेवढे डबे नीट होतात त्याहून अधिक घ्यायचे नाहीत, असे डबा चालवणाऱ्या काकूंनी ठरवले आहे आणि नाव छापू नये अशी त्यांची विनंती आहे, म्हणून ते येथे दिलेले नाही.

घडीच्या चार पोळ्या, एक कोरडी भाजी, उसळ किंवा पातळ भाजी, आमटी-भात आणि कोशिंबीर असा डबा एका वेळेला १२० रुपयांना मिळतो. पोळ्या दुपारी उशिरा उघडल्या तरी मऊ राहतात. चाकवताच्या पातळ भाजीत दाणे आणि हरभऱ्याची डाळ पूर्ण शिजलेली असते, मटकीच्या उसळीवर तेलाचा तवंग नसतो, आणि गोडा मसाला घातलेल्या आमटीत चिंच-गूळ एकमेकांवर कुरघोडी करत नाहीत. गवारीची भाजी मात्र बहुतेक वेळा निबर निघते.

डबा लावण्यापूर्वी स्वयंपाकघर पाहता येईल का, असे विचारले तेव्हा काकूंनी एवढेच म्हटले, ‘‘सकाळी दहाच्या आत या, म्हणजे काम चालू असताना दिसेल.’’ हे उत्तर मला फार मोलाचे वाटले. विक्रीचा स्वयंपाक घरच्या ओट्यावर न करता मागच्या बंदिस्त पडवीत स्वतंत्र ओटा बांधून केला जातो, खिडक्यांना जाळी आहे, कचऱ्याच्या डब्याला झाकण आहे, पोळ्या लाटणाऱ्या दोघीजणी केस बांधून काम करतात, आणि दाराशेजारी नोंदणीचे प्रमाणपत्र सहज दिसेल असे लावलेले आहे.

पेठांपासून कोथरूडपर्यंत पोळी-भाजी केंद्रे, मेस आणि घरगुती डबे यांवर हजारो विद्यार्थी आणि नोकरदार जेवतात, तरीही घरातून विकले जाणारे अन्न कायद्याच्या कक्षेबाहेर असते, हा समज आपल्याकडे टिकून आहे. अन्न सुरक्षा व मानके कायदा, २००६ अशी सूट देत नाही. २०११ च्या परवाना व नोंदणी नियमावलीने वर्षाला १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असणाऱ्या छोट्या व्यावसायिकांना परवान्याऐवजी साधी नोंदणी पुरेशी ठरवली आणि तिचे शुल्क वर्षाला १०० रुपये ठेवले, म्हणजे या डब्याच्या एका वेळच्या दराहूनही कमी. क्रमांक १४ अंकी असतो. नोंदणीचा २ या अंकाने सुरू होतो, परवान्याचा १ ने, आणि तो खरा आहे की नाही हे फॉसकॉस या सरकारी संकेतस्थळावर कोणालाही तपासता येते. काकूंचा क्रमांक मी तपासला, तो चालू आहे.

पण प्रमाणपत्र भिंतीवर लागले म्हणजे अन्न निर्धोक झाले, असे होत नाही. त्याच नियमावलीच्या चौथ्या अनुसूचीत स्वच्छतेच्या अटी आहेत आणि खरी कसोटी तिथे लागते. पाणी पिण्यायोग्य असावे, आजारी किंवा हाताला उघडी जखम असलेल्या व्यक्तीने अन्न हाताळू नये, कच्चे आणि शिजवलेले वेगळे ठेवावे, या साध्या वाटणाऱ्या गोष्टी गर्दीच्या वेळी आधी सुटतात. २०२५ च्या सुरुवातीला सिंहगड रस्ता परिसरात जीबीएस (गिलन-बारे सिंड्रोम) या मज्जातंतूंच्या आजाराचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले आणि दूषित पाण्यावर संशय आला, तेव्हापासून पुण्यात पाण्याबद्दल विचारणे कोणाला खटकू नये. येथे पिण्याचे आणि स्वयंपाकाचे पाणी गाळून, उकळून घेतले जाते, आणि कोशिंबिरीच्या काकड्याही त्याच पाण्याने धुतल्या जातात. उन्हाळ्यात दही कालवून न देता वेगळ्या छोट्या डबीत थंड पाठवतात.

माझा आक्षेप रात्रीच्या भाताबद्दल आहे. शिजवलेले गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या वर आणि थंड अन्न ५ अंशांच्या खाली ठेवावे, हा सर्वमान्य दंडक आहे. भातात बॅसिलस सेरियस या जिवाणूचे बीजाणू शिजवल्यानंतरही तग धरतात. भात कोमट अवस्थेत तासन्‌तास राहिला तर ते वाढतात, आणि त्यांचे एक विष असे आहे की पुन्हा गरम करूनही नष्ट होत नाही. दुपारचा डबा शिजल्यावर तासाभरात हातात येतो, त्यामुळे चिंता नसते. रात्रीचा भात मात्र संध्याकाळी पाचला शिजतो आणि लांबच्या ग्राहकांपर्यंत साडेआठच्या पुढे पोहोचतो. तोवर डब्याचा खालचा कप्पा जेमतेम कोमट उरतो. हे काकूंच्या कानावर घातले, तेव्हा त्यांनी कारण लपवले नाही: डबे पोहोचवणारा एकच मुलगा आहे आणि वारज्याची फेरी शेवटी होते. भात सातनंतर लावून वारज्याच्या डब्यांसाठी उष्णतारोधक पेटी घेण्याचे त्यांनी मान्य केले आहे. पेटी अजून आलेली नाही, म्हणून वारजे किंवा त्यापलीकडे राहणाऱ्यांनी तूर्त दुपारचाच डबा लावावा किंवा रात्री भाताऐवजी दोन पोळ्या जास्त मागाव्यात. तशी सोय आहे आणि दर तोच आहे.

महिन्याच्या पावतीवर नोंदणी क्रमांक छापलेला नाही, ही दुसरी उणीव. १ जानेवारी २०२२ पासून पावतीवर तो देणे बंधनकारक आहे. नव्या पावतीपुस्तकात तो छापून घेणार असल्याचे काकूंनी सांगितले आहे.