एनपीटेलचे रसायनशास्त्राचे अभ्यासक्रम: एम.एस्सी.च्या विद्यार्थ्यांसाठी एक परीक्षण

एम.एस्सी.च्या पहिल्या वर्षी क्वांटम रसायनशास्त्राची गाठ पडते, तेव्हा पुष्कळ विद्यार्थी इलेक्ट्रॉनचे वर्तन सांगणाऱ्या श्रोडिंगर समीकरणाची हायड्रोजन अणूसाठीची उकल पाठ करतात, परीक्षेत उतरवतात आणि पुढच्या सत्रात विसरतात. लहान गावातील महाविद्यालयात हा विषय सेंद्रिय रसायनशास्त्राच्या अध्यापकांकडे सोपवला जातो, असेही घडते. अशा विद्यार्थ्यांसाठी एनपीटेल ही ऑनलाइन व्याख्यानांची सेवा मला फार मोलाची वाटते. सात आयआयटी आणि बंगळुरूची भारतीय विज्ञान संस्था यांनी २००३ मध्ये सुरू केलेल्या या उपक्रमाची व्याख्याने कोणालाही विनामूल्य पाहता येतात.

आयआयटी मुंबईचे प्रा. अनिंद्य दत्ता यांचे दोन अभ्यासक्रम मी विशेषत्वाने सुचवेन. पहिला अणू व रेणूंच्या क्वांटम रसायनशास्त्राचा. हायड्रोजनसाठी समीकरण नेमके सुटते, पण हेलियममध्ये दोन इलेक्ट्रॉनांमधील अपकर्षणाचे पद येताच ते सुटत नाही, आणि तेथून पुढे सारे रसायनशास्त्र अदमासाच्या पद्धतींवर उभे राहते. ही गोष्ट एकदा मनात पक्की झाली की पाठांतराची गरजच कमी होते.

दुसरा अभ्यासक्रम रसायनशास्त्रातील अतिजलद प्रक्रियांचा असून माझ्या मते तोच अधिक मोलाचा आहे, कारण तेथे शिकवणाऱ्याचा विषय आणि त्याचे संशोधन एकच आहे. रेणूतील बंध तुटण्यास लागणारा काळ फेम्टोसेकंदांत (एक फेम्टोसेकंद म्हणजे सेकंदाच्या अब्जाव्या भागाचा दशलक्षावा भाग) मोजावा लागतो आणि अहमद झेवैल यांना याच कामासाठी १९९९ चे नोबेल पारितोषिक मिळाले, एवढे पाठ्यपुस्तकातही असते. पण इतका सूक्ष्म काळ कोणतेही इलेक्ट्रॉनिक घड्याळ टिपू शकत नसताना तो मोजायचा कसा? लेसरचा पहिला स्पंद (पल्स) प्रक्रिया सुरू करतो आणि दुसरा तिची अवस्था तपासतो. एका फेम्टोसेकंदात प्रकाश सुमारे ०.३ मायक्रोमीटर जातो. म्हणून दुसऱ्या स्पंदाच्या वाटेतील आरसा ०.१५ मायक्रोमीटर मागे सरकवला, की जाण्यायेण्याचे अंतर मिळून एका फेम्टोसेकंदाचा विलंब साधतो. काळाचे मोजमाप असे लांबीच्या मोजमापात बदलते. असे प्रयोग वर्षानुवर्षे स्वतः करणाऱ्या प्राध्यापकाकडून हे ऐकताना संशोधकाचा विचार कसा चालतो, हेही कळू लागते.

पीएच.डी.चा विचार करणाऱ्यांना याचा आणखी एक उपयोग आहे. मार्गदर्शक निवडताना विद्यार्थी संस्थेचे नाव आणि शोधनिबंधांची संख्या पाहतात. वास्तविक ज्या प्रश्नाचा त्या प्राध्यापकाने दीर्घकाळ पाठपुरावा केला, त्याच प्रश्नासोबत आपल्यालाही पाच-सहा वर्षे राहायचे असते. त्या व्यक्तीची व्याख्याने उपलब्ध असतील तर अर्ज करण्याआधी ती जरूर ऐकावीत आणि मग तिचे अलीकडचे दोन-तीन शोधनिबंध वाचावेत.

मर्यादाही स्पष्ट आहेत. पुनर्स्फटिकीकरण किंवा स्तंभ वर्णलेखन (कॉलम क्रोमॅटोग्राफी) यांसारखी पदार्थ शुद्ध करण्याची तंत्रे पडद्यावर पाहून हाताला येत नाहीत. त्यासाठी प्रयोगशाळेतच उभे राहावे लागते. बहुतेक व्याख्याने इंग्रजीत आहेत, मात्र काही अभ्यासक्रमांची मराठी भाषांतरे झाली आहेत. सीएसआयआर नेट या संशोधनवृत्ती व अध्यापनाच्या पात्रता परीक्षेच्या ऐन तोंडावर मात्र हे अभ्यासक्रम सुरू करू नयेत, कारण बारा आठवड्यांचा अभ्यासक्रम कागद-पेन्सिल घेऊन, मध्येमध्ये थांबवून सोडवला तरच अंगी मुरतो. एका सत्रात एकच घ्यावा, हे मी आग्रहाने सांगेन.

नावनोंदणी विनामूल्य असली तरी प्रमाणपत्रासाठीच्या परीक्षेला शुल्क द्यावे लागते. स्वाध्यायांना २५ आणि केंद्रावर होणाऱ्या परीक्षेला ७५ गुण असून उत्तीर्ण होण्यासाठी अनुक्रमे किमान १० आणि ३० गुण लागतात. एनपीटेलचे हे अभ्यासक्रम केंद्र सरकारच्या स्वयम् या ऑनलाइन व्यासपीठावर चालतात, आणि तेथील अभ्यासक्रमांचे श्रेयांक (क्रेडिट) पदवीत धरण्याची तरतूद विद्यापीठ अनुदान आयोगाने केली आहे. परंतु आपले विद्यापीठ नेमका कोणता अभ्यासक्रम कोणत्या विषयाऐवजी मान्य करते, हे शुल्क भरण्यापूर्वी विभागप्रमुखांकडून लेखी घ्यावे.