हेवी डिपॉझिटचं घर

लातूरहून बदली झाली घाटकोपरला, बायकोची नोकरी ठाण्यात. तीन रविवार आम्ही नुसती स्टेशनं पालथी घातली. ठाणं भाड्यामुळेच बाद. घोडबंदर रोडची घरं छान, पण स्टेशन गाठता गाठता अर्धा जीव जाणार. दिवा स्वस्त, पण "आधी पाण्याचं विचारा" असं जो तो सांगे. बदलापूर परवडत होतं, पण रोजचा प्रवास झेपला नसता. शेवटी डोंबिवली पूर्व. इथूनच सुटणाऱ्या लोकल आहेत, आणि संध्याकाळी फडके रोडवरून फिरताना गावाकडच्या बाजारपेठेत आल्यासारखं वाटलं. तसं मी एजंटला बोलूनही दाखवलं. तिथेच त्याने आम्हाला ओळखलं.

दुसऱ्याच दिवशी त्याने स्टेशनपासून दहा मिनिटांवरचा वन बीएचके दाखवला. पाच लाख हेवी डिपॉझिट, महिन्याला भाडं शून्य, सोडताना पैसे परत. मालक दुबईत, आणि याच्याकडे त्यांच्या वतीने सही करायची पॉवर ऑफ अॅटर्नी. तिची झेरॉक्स मी पाहिली, म्हणजे पाहिल्यासारखं केलं. पीएफमधून काढले, सासऱ्यांकडून घेतले आणि पाच लाख एजंटच्या खात्यावर टाकले.

करार नोटरीचा. "रजिस्टर केला तर एवढ्या डिपॉझिटवर स्टॅम्प ड्यूटी भरमसाट बसेल," तो म्हणाला. हे वाक्य नीट लक्षात ठेवा. भाडेकरारात डिपॉझिटवर वर्षाला १० टक्के व्याज धरतात आणि त्या रकमेवर ड्यूटी असते ०.२५ टक्के. माझ्या पाच लाखांवर ती दोनशे रुपयेही झाली नसती. हा हिशोब मी नंतर केला, पैसे गेल्यावर. खरी अडचण ड्यूटीची नव्हतीच. रजिस्टर करताना मालकाचा फोटो आणि अंगठा लागतो, नाहीतर त्यांची खरी पॉवर ऑफ अॅटर्नी. ती कुठून आणणार?

सोसायटीच्या ऑफिसातही त्याने जाऊ दिलं नाही. "सेक्रेटरी खडूस आहे, मी बघतो." पोलिसांकडे भाडेकरूची माहिती द्यायची असते, तेही "मी बघतो". खाली जाऊन मेंटेनन्सचं बिल कोणाच्या नावावर निघतं एवढं विचारलं असतं, तरी नाव-पत्ता कळला असता. पाणी किती वाजता येतं हे मात्र मी वॉचमनला दोनदा विचारलं होतं.

पाचव्या महिन्यात दारात एक वयस्कर गृहस्थ उभे. घर त्यांचं, राहायला नाशिकला. एजंटने "कंपनीच्या स्टाफसाठी" म्हणून फ्लॅट स्वतःच्या नावाने भाड्याने घेतला होता. महिन्याला चौदा हजार, तेही रीतसर रजिस्टर करून. चार महिने आमच्याच पैशातून त्यांना भाडं दिलं, मग फोन बंद. काका चांगले निघाले, महिन्याची मुदत दिली. पण त्यांनी पाच लाख का द्यावेत? त्यांच्या हातात तर आमचा एक रुपयाही आला नव्हता.

तक्रार दिली. पूर्वीचं ४२० कलम आता भारतीय न्याय संहितेत ३१८ झालंय, हेही तेव्हाच कळलं. हवालदारांनी आमचा कागद हातात घेतला, न वाचताच उलटा केला, मागचा नोटरीचा शिक्का पाहिला आणि आत ओरडून साहेबांना सांगितलं, "साहेब, चौथा आला."