नारळीकर सलग वाचले, त्याला आता वर्ष होत आलं

मे 2025 मध्ये डॉ. जयंत नारळीकर गेले. त्यानंतर जूनपासून मी त्यांचं मराठी लेखन सलग वाचायला घेतलं. धुळ्यातलं वाचनालय, पुण्याहून मागवलेली काही पुस्तकं आणि शाळेतल्या एका सहकारी बाईंचं कपाट, एवढ्यावर भागलं. नव्या वाचकाला माझं पहिलं सांगणं हेच: कादंबऱ्यांना नंतर हात घाला, आधी 'यक्षांची देणगी' हा कथासंग्रह घ्या. नारळीकर खरे भेटतात ते कथेत.

कथेत ते एकच 'असं झालं तर?' घेतात आणि शेवटपर्यंत सोडत नाहीत. 'हिमप्रलय' सुरू होते मुंबईत पडलेल्या बर्फाने. ती मी उन्हाळ्यात दुसऱ्यांदा वाचली, सासूबाईंना मोठ्याने वाचून दाखवत. कूलरही गरमच हवा फेकत होता. हवा फार गारठली की तिच्यातल्या बाष्पाचे बारीक हिमकण होतात, ते ऊन परतवून लावतात, म्हणून जमीन आणखी गार पडते. हा भाग मी दोनदा वाचला. सासूबाई शेंगा सोलता सोलता म्हणाल्या, "मंग काय व्हयनं?" विज्ञान समजावताना गोष्ट थांबली नव्हती, याची याहून चांगली पावती मला नको.

सगळ्यात जास्त रेंगाळले ती 'गंगाधरपंतांचे पानिपत'वर. इतिहासाचे प्राध्यापक गंगाधरपंत एका अपघातानंतर अशा जगात जाऊन पोचतात, जिथे विश्वासरावांना लागायची गोळी हुकली आणि पानिपत मराठ्यांनी जिंकलं. परत येतात तेव्हा खिशात त्या जगातल्या बखरीचं फाटकं पान असतं. धुळेकराला इथे इतिहासाचार्य राजवाडे आठवणारच. 1926 मध्ये ते याच गावात वारले, त्यांच्या नावाचं संशोधन मंडळ आजही इथे आहे. त्यांच्या 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चा 1898 चा पहिला खंड 1750 ते 1761 चा, म्हणजे थेट पानिपतापर्यंतचा. कागदाच्या एकेका चिटोऱ्यासाठी गावोगाव हिंडलेला माणूस! नारळीकरांनीही अख्खं दुसरं जग कागदाच्या एका तुकड्यावर उभं केलंय, आणि इतिहास शिकवणारी म्हणून मला ते मनापासून पटतं. त्यांच्या नायकाकडे यंत्र नाही, पुरावा आहे.

'उजव्या सोंडेचा गणपती' वाचल्यावर भाचीला घेऊन बसले. फाइलच्या पारदर्शक कव्हरची लांब पट्टी कापली, अर्धा पीळ देऊन टोकं चिकटवली. स्केचपेनने डाव्या सोंडेचा छोटा गणपती काढला आणि तोच गिरवत गिरवत पट्टीवरून पुढे सरकवत नेला. एक फेरी पूर्ण करून मूळ जागी पोचलो तर सोंड उजवीकडे! कथेतल्या माणसाचं डावं-उजवं कसं बदललं, हे सातवीतल्या मुलीला एका पट्टीने कळलं. ती पट्टी तिने दप्तरात ठेवून दिली.

उणिवाही सांगायला हव्यात. पात्रं पातळ आहेत, विशेषतः बायका. बऱ्याच ठिकाणी एक जण विचारतो आणि दुसरा व्याख्यान देतो. 'व्हायरस'मध्ये मला हे जास्त जाणवलं. 'प्रेषित' त्या मानाने सरस आहे, कारण अंतराळातून आलेल्या मुलाच्या मनात काय चाललंय याची काळजी वाटत राहते. 'वामन परत न आला' मात्र आत्ताच वाचा. स्वतः विचार करणाऱ्या यंत्राला किती मोकळीक द्यायची, हा प्रश्न तिथे आज लिहिल्यासारखा ताजा आहे.

शेवटी वाचलं त्यांचं आत्मचरित्र 'चार नगरांतले माझे विश्व', ज्याला 2014 चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. हे कथांच्या आधी वाचू नका. 1974 मध्ये मराठी विज्ञान परिषदेच्या स्पर्धेला त्यांनी 'कृष्णविवर' पाठवली ती 'नारायण विनायक जगताप' या नावाने, म्हणजे स्वतःची आद्याक्षरं उलटी करून. अक्षरही पत्नीचं, मंगलाताईंचं. जगप्रसिद्ध शास्त्रज्ञ आपलं नाव बाजूला ठेवून पहिली कथा परीक्षकांपुढे ठेवतो आणि पहिलं बक्षीस मिळवतो, याचं मोल कथा वाचून झाल्यावर जास्त कळतं.

छपाई ठीक, काही जुन्या आवृत्त्यांचा टाइप बारीक आहे. साठीपुढच्या वाचकांनी नवी आवृत्ती बघून घ्यावी.